उघाडीच्या फळ्या

त्या दिवशी उघाडीच्या फळ्या मी टाकल्या नव्हत्या. मी. चूक माझी, काकाची नाही.

बारा वर्षं हे वाक्य दाबून ठेवलंय. आज काकाला जाऊन वर्ष झालं, म्हणून इथे लिहितोय. गावातले बरेच जण फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, ते बरंच आहे. घरोघर जाऊन सांगायचं त्राण माझ्यात नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. पेणजवळ खाडीला लागून आमची भातशेती. मध्ये मातीचा बांध. बांधाला पाणी सोडायचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला उघडायची, उधाणाआधी फळ्या टाकून बंद करायची. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. एकदा खारं पाणी आत आलं की तीन-चार वर्षं जमीन कामातून जाते.

त्या सर्वपित्री अमावास्येला पाळी आमच्या घराची. बाबा गेल्यापासून घरातलं सगळं काकाच बघायचा. सकाळीच काकूच्या छातीत दुखायला लागलं, तो तिला घेऊन पेणला दवाखान्यात गेला.

जाताना म्हणाला, "फळ्या तेवढ्या टाक रे. विसरू नको."

मी कोणी लहान पोर नव्हतो. सव्वीस वर्षांचा घोडा.

गणपती उरकले होते, जवळच्या जोहे गावातले मूर्तींचे कारखाने रिकामे. मित्राच्या कारखान्यात पत्ते रंगले होते.

दहा वाजता काकाचा फोन. "टाकल्यास का?"

"व्हय, टाकल्या."

एक डाव संपला की निघणार होतो. खरंच निघणार होतो.

बाराला पोचलो तेव्हा शेतात गुडघाभर खारं पाणी होतं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. सगळ्या गावाचं.

संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं. काका दवाखान्यातून थेट तिथे आला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "पाळी माझी होती. चूक माझी."

मी गप्प. मार्गशीर्षात माझं लग्न होतं.

लग्न झालं. तरी गप्पच.

लोकांनी काकाशी बोलणं टाकलं. कोणी ठराव वगैरे केला नाही, नुसतं बघून तोंड फिरवायचे. वर्षभरात तो काकूला घेऊन रोह्याला गेला, तिथेच शेजारी वरसेला खोली घेतली, कंपनीत वॉचमन लागला. मग कळलं, शिफ्टमधल्या कोणाबरोबर तो प्रार्थनेला जातो. पुढे बाप्तिस्माही घेतला.

नाक्यावर कोणीतरी म्हणालं, "काका बाटला." सगळे हसले.

मीही हसलो. हे पण लिहून टाकतो, राहायला नको.

चार वर्षांनी त्याचा फोन आला. "ये एकदा. काम हाय."

मला वाटलं, आता हा सगळं काढणार. एसटीने रोह्याला गेलो.

"चाय ठेव गो," तो काकूला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मला तुझी माफी मागायचीय."

"माझी?"

"व्हय. लग्न झालं की सांगशील, असं वाटलं होतं. नाय सांगितलंस. मग रोज सकाळी उठून देवाजवळ तुझं वाटोळं मागायचो. तुला पोर झालं तेव्हा पण मागितलं. माणूस होतो का मी? येशूजवळ सगळं बोललो. त्यानं पुसून टाकलं, काय शिल्लक ठेवलं नाय. मग मी तुझं कशाला धरून बसू?"

मी म्हणालो, "गावात सांगू का?"

आणि मनात म्हणत होतो, नको म्हण. नको म्हण.

"माझ्यासाठी नको. मी नवीन माणूस झालो रे, मला झोप लागते. तुला लागते का, ते तू बघ."

परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत रडलो. गावात उतरलो आणि पुन्हा गप्प.

त्यानंतरची वर्षं काकाने तो विषय कधीच काढला नाही. फक्त प्रत्येक अमावास्येच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचा, "उद्या पाळी कोणाची हाय?"

मागच्या वर्षी गेला. रोह्याला पुरलं. गावातून पाच जण आले. कबरीशी उभे असताना आमच्यातलाच एक म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. ती एक चूक केली बघा त्याने."

माझ्या मुठीत माती होती. तरी मी बोललो नाही.

तिथून पुढे मात्र मी दमलो. इतका की घास चावायचाही कंटाळा यायचा. गेल्या महिन्यात काकूकडे जाऊन सगळं ओकून टाकलं. तिला माहीतच होतं.

"माफी कधीच झालीय रे," म्हणाली. "तू ती घेत नाय, एवढंच."

रविवारी ती मला प्रार्थनेला घेऊन गेली. मागच्या खुर्चीवर बसलो. डोळे मिटून येशूला एवढंच म्हणालो, फळ्या मी टाकल्या नव्हत्या. पहिल्यांदाच हे वाक्य कुठलीही सबब न जोडता म्हटलं. घरी आलो आणि दुपारभर मेल्यासारखा झोपलो.

मी ख्रिस्ती झालो का, हे कमेंटमध्ये विचारू नका. मला माफ केलंय, सगळं, एवढं मला कळतं. आणि म्हणूनच आता गप्प बसवत नाही.

आज सकाळी आईला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "उद्या काकूला जेवायला बोलव."

काकू येतेय. इतक्या वर्षांनी. तिला बघून कोणी तोंड फिरवू नका. फिरवायचंच तर मला बघून फिरवा.

उद्या सर्वपित्री. पाळी आमच्या घराची आहे. हे वाचून गावाला ती काढून घ्यायची असेल तर घ्या, माझी तक्रार नाही. कोणाचा फोन आला नाही, तर सकाळी नऊला मी उघाडीवर आहे.

काका, तू सुटलास. मलाही सोडवून गेलास. सुखाने राहा तिकडे.

आज तुझा फोन येणार नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

उद्या पाळी माझी आहे.