चौकाच्या पाटीवरची वेलांटी

माझा धाकटा भाऊ सीमेवरच्या लढाईत गेला. दोन वर्षांनी खराडीतल्या आमच्या घराजवळच्या चौकाला त्याचं नाव दिलं. पाटीवरचा पडदा सरकला आणि शेजारी बसलेले बाबा पुटपुटले, "'शहीद'मधला 'ही' ऱ्हस्व लिहिलाय." बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. मला त्यांचा रागच आला. पोटचा मुलगा गेला आणि यांना वेलांटी दिसते!

तरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात त्यांच्याबरोबर चार खेपा मीच घातल्या. अर्ज दिला, फोटो दिला, पुन्हा अर्ज दिला. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "अहो काका, एका वेलांटीनं काय बिघडतं?"

"तुमचं आडनाव चुकीचं लिहून अर्ज दिला, तर चालेल?" बाबांनी विचारलं. साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

रविवारी सकाळी बाबा स्टूल आणि रंगाचे दोन डबे घेऊन निघाले. मी चरफडत मागे गेले. चौकातल्या वाहतूक पोलिसानं हटकलं, "आजोबा, पाटीला हात लावू नका."

"मुलगा माझा आहे," बाबा म्हणाले. "चूक त्यांची आहे."

पोलिसानं पाटी वाचली आणि स्टूल धरलं. बाबांचा हात पाटीपर्यंत पोहोचेना, म्हणून त्यांना उतरवून मीच चढले. जुनी वेलांटी निळ्या रंगानं झाकली, नवी पांढऱ्यानं काढली. निळा काही नीट जुळला नाही.

"आता वाच," बाबा म्हणाले.

भावाच्या नावापाशी मी थांबले. पुढचं बाबांनी वाचलं.