कॅसेटमध्ये नसलेला सासरा

मी चौथीचा वर्ग घेत होते. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चुडाव्याहून निरोप आलाय." आक्का गेल्या होत्या... आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी बंद होता, सोनपेठहून एकही एसटी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

लग्न होऊन मी चुडाव्याला आले तेव्हा टीव्ही फक्त पाटलांकडं. रविवारी सकाळी हिंदी मालिका लागायची आणि त्यांची ओसरी भरून जायची, पुरुष पुढं, बायका मागं. लाईट गेली की पाटील ट्रॅक्टरची बॅटरी लावायचे. नव्या सुनेनं मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. म्हणून आक्का बघून यायच्या आणि भाकरी थापता थापता मला अख्खा भाग सांगायच्या, हिंदीचं आपल्या बोलीत करून. "तर काय झालं बग..." ही सुरुवात ठरलेली. गोष्ट अवघड जागी आली की त्यांचा हात थांबायचा. भाकरी करपायलीय म्हणून मी ओरडायचे, तर पिठाचं बोट माझ्या गालाला लावून हसायच्या.

त्या मालिकेत शिकायची हौस असलेली एक सून होती. मला ती माझीच वाटायची. परभणीला डीएडला माझा नंबर लागला होता, पण सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, साफ नाही म्हटलं होतं. त्यांच्या शब्दापुढं घरात कुणी जायचं नाही, आमचे हे तर नाहीच नाही. प्रवेशाची मुदत संपत आली होती. रडून रडून मी गप्प झाले होते.

त्या रविवारी आक्का आल्या, काठवटीत पीठ घेतलं आणि सांगायला लागल्या. मामा समोरच जेवायला बसले होते. मालिकेतला सासरा म्हणे सकाळीच उठला, सुनेची पेटी स्वतः डोक्यावर घेतली आणि तिला शिकायला पाठवायला स्टेशनावर निघाला. लोक हसले, पण गड्यानं पेटी खाली ठेवली नाही. मामांचा घास हातातच राहिला. मग तो ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "कोन्त्या गावाला गेली म्हनं ती?"

"परभनीएवढंच गाव हाय, मामा," आक्का मान वर न करता म्हणाल्या.

आठवडा उलटायच्या आत मामांनी माझी पेटी उचलली. डोक्यावर नाही, खांद्यावर. पण उचलली.

पुढं मला नोकरी लागली, सोनपेठला बिऱ्हाड झालं. मामा वारले. मग त्या मालिकेच्या कॅसेट निघाल्या. मी भाड्यानं व्हीसीआर आणला आणि आक्कांना मुद्दाम बोलावून घेतलं. कॅसेटवाल्यांनी लय काटछाट केली होती. मागच्या भागाची उजळणी नाही, अंगाईचं गाणं नाही, आक्कांची लाडकी म्हातारी शेजारीण तर निम्मी गायब. आणि पेटी उचलणारा सासराही नाही. तिथं सून निमूट चुलीपुढं बसते, की पुढचा भाग सुरू. मी आक्कांकडं पाहिलं. "कापलंय मेल्यांनी," त्या म्हणाल्या. "टीवीवर होतं."

मला पटलं. अंगाई कापली तसं हेही कापलं असेल. शिवाय मामा दर रविवारी त्याच ओसरीत पुढं बसायचे. आक्कांनी पदरचं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथं झापलं असतं.

तेराव्याला पाटलीणकाकूंजवळ मी हा विषय काढला.

"तू शिकायला गेलीस, त्याच्या आधीचा आयतवार ना? आगं, त्या दिवशी लाईट न्हवती आन बॅटरी बी उतरलेली. कुनीच काय बगितलं न्हाई. शेंगा खात बसलो सगळे. तुज्या सासऱ्यानं तर टीवीला हार घाला म्हनून आमच्या मालकाची लय थट्टा केली."

म्हणजे आक्का धडधडीत खोटं सांगत होत्या, आणि समोर जेवणाऱ्या मामांना ते पहिल्या वाक्यापासून माहीत होतं. तरी त्यांनी गावाचं नाव विचारलं... त्या दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं असेल का, कोण जाणे. मला तर दोघांनीही मरेपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

निघताना मी आक्कांची काठवट मागून आणली. आता रविवारी माझ्या घरात टीव्ही चालू असतो, मी भाकरी थापत असते आणि मध्येच हात थांबतो. पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे. तरी आक्कांनी सांगावं म्हणून थांबते.