चव्वेचाळीस दाते

“डॅशबोर्डवर दिवा लागस का?” मी विचारलं.

“नही,” हिराभाऊ म्हणाले.

“मंग ब्रेकले काय व्हयनं?”

“हलका पाय ठेवा तरी पेडल थरथर करस. गाडी थांबतच नही, पुढे सरकस. मी सगळासले उतारी दिधं.”

हिराभाऊ रनाळ्याचे. अक्कलकुवा ते मोलगी जीप चालवतात. त्या दिवशी मोलगीचा बाजार होता, जीप खच्चून भरलेली. घाटातल्या पहिल्याच उतारावर त्यांनी सगळ्यांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं, बोलणी खाल्ली आणि रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये घाट उतरवून नंदुरबारला माझ्या गॅरेजमध्ये आणली.

मला रागच आला. काम मीच केलं होतं, दोन दिवसांपूर्वी. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग. त्यांचे पुढचे दोन्ही जाम झाले होते आणि त्या मॉडेलचे मिळेनात. भंगारातून दुसऱ्या मॉडेलचे आणले. बोल्टची भोकं जुळेनात, म्हणून चाक ज्यावर बसतं त्या हबसकट अख्खी असेंब्ली चढवली. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. ट्रायलला पेडल थरथरलं तेव्हा मी खूशच झालो होतो: चाक घसरू न देणारं एबीएस काम करतंय.

“तुम्हीच चालाडी देखा,” हिराभाऊ म्हणाले.

स्कॅनर लावला, सरळ रस्त्यावर गाडी काढली. मागची चाकं चाळीसचा वेग दाखवत होती, पुढची सदतीस. एकाच गाडीची चाकं, एकाच रस्त्यावर.

एबीएसचा डबा चाकांचा वेग कसा ओळखतो? हबवर एक दातेरी रिंग असते. सेन्सर तिचे दाते मोजतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा फार हळू फिरलं, की ते घसरतंय असं समजून डबा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो.

परत येऊन रिंगवर खडूची खूण केली आणि बोटाने दाते मोजले. जुन्या हबवर अठ्ठेचाळीस, नव्यावर चव्वेचाळीस. दाते कमी, म्हणून पुढची चाकं डब्याला कायमच हळू वाटत होती. फरक थोडा, त्यामुळे बिघाडाचा दिवा लागेना. पण ब्रेकला पाय लावला की घसरण समजून तो पुढचा ब्रेक सोडून द्यायचा. डबा बिचारा इमानदारीने काम करत होता. चुकलो होतो मी.

एवढासा डबा चार दात्यांचा हिशेब सोडत नाही, याचं मला फार नवल वाटलं. हिराभाऊंचं त्याहून जास्त.

“दिवा नही, मी ओके सांगेल व्हतं. मंग गाडी खाली काबर करी?”

“मन्हा पायले पटनं नही,” ते म्हणाले. जणू चपलेतला खडाच काढला होता.

मी जुने हब परत बसवले आणि त्याच मॉडेलचे कॅलिपर मागवून ते येईपर्यंत चार दिवस जीप गॅरेजमध्येच ठेवली. आता दुसऱ्या मॉडेलचं काहीही आलं, की आधी दाते मोजतो. ट्रायलला स्टिअरिंग गाडीवाल्याच्या हातात देतो, शेजारी बसतो आणि तोंड बंद ठेवतो.

ते जाताना मी विचारलं होतं, जीपमध्ये कितीजण होते.

“तेरा,” ते म्हणाले. “मन्ही माय धरीसन.”

म्हणजे त्यांची आईसुद्धा.