हरले, आणि लढून हरले

सेनासाहेबांना दोनशे वर्षांपूर्वीच्या चुकीचा राग सकाळच्या चहालाच यायचा. "लहानी टेकडी घेतली होती ना आपण! मंग तिथंच काहून बसून राहिले?" असं ते माझ्या दारात उभं राहून विचारत, जणू भोसल्यांच्या फौजेचा हुकूम मीच अडवून ठेवला होता. मी खालच्या मजल्यावरची शेजारीण, हातात दुधाची पिशवी. तरी मी भांडायची. त्यांच्याशी न भांडता बोलताच येत नसे.

सेनासाहेब हा भोसल्यांचा जुना किताब; सोसायटीने तो त्यांना थट्टेने दिलेला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात. यांनी जेवणाच्या टेबलावर सीताबर्डीची लढाई मांडली. गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्मोकोलच्या दोन टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं गवत आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. प्रत्येकाचं पागोटं त्यांनी स्वतः खिडकीशी बसून रंगवलेलं. पट्टीने मोजून पलटण पुढे सरकवायची आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. इतिहासात इंग्रज जिंकले, पण या टेबलावर कोणीही जिंकू शकत असे. बायको गेल्यापासून ते जेवायचे ओट्याशी उभ्यानेच.

समोर खेळायला मीच असायची, पण बाजू निवडायची मुभा नव्हती. मला इंग्रजांचा मनापासून संताप, म्हणून इंग्रज कायम माझ्याकडे. "ज्याचा राग येते ना वं, त्याच्याच डोक्यात शिरून पाह्य. मंग समजते आपण कसे हरलो ते," असं म्हणून ते लाल डगलेवाले माझ्यापुढे सरकवत. मला ते 'कर्नल' म्हणत. त्या हाकेचाही मला राग यायचा, आणि जिंकले की स्वतःचा यायचा.

एकदा बर्डीवर, म्हणजे जिथे ती लढाई झाली त्याच सीताबर्डीत, मी व्हरायटी चौकात ऑटो थांबवत होते. पलीकडून हे ओरडले, "हट तिथून, कर्नल! तोफांच्या माऱ्यात उभी आहेस!" लोक थांबून बघायला लागले, ऑटोवाला घाबरून निघून गेला. मी त्यांच्यावर घरापर्यंत ओरडत आले आणि ते वाटभर तोफा कुठे होत्या ते दाखवत आले.

मग एका उत्सव समितीची माणसं आली. मांडणी त्यांना फार आवडली, मंडपात ठेवायची होती. फक्त निकाल आपल्या बाजूचा ठेवा म्हणाले. सेनासाहेबांचे कान लाल झाले. "मंग फासे कशाले पाह्यजे? खेळून जिंका, मी सोता ढोल वाजवतो. फुकटात नाही देत." समितीवाल्यांना त्यांनी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ओरडत पोचवलं. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला, पण बोलले नाही. उगाच चढले असते.

पोटाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मुलगा बंगलोरहून आला. बापाच्या टेबलाकडे त्याने जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने मला जिन्यातच गाठलं. "काकू, आज बाबांना जिंकू द्या. तेवढंच समाधान." मी मान खाली घालून पायऱ्या चढले. ते त्याने हो धरलं.

पलंग टेबलाला लावला होता. लहान टेकडी त्यांनी घेतलीच. खाली मैदानात माझे घोडेस्वार उभे होते आणि समोर त्यांच्या तोफा, जवळपास उघड्या. कोणीही घोडे घातले असते. माझ्या डोक्यात त्या मुलाचं बोलणं. मी घोडे तिथेच ठेवले आणि भलतीकडची एक तुकडी सरकवली.

सेनासाहेबांनी फासे खाली ठेवले. "घोडे काहून नाही हलवले?"

"नाही सुचलं."

"तुले? तुले नाही सुचलं?" आवाज फाटला होता, पण राग तोच. "मी मरून राहिलो, कर्नल. मेलो नाही अजून. लेकरू समजून राहिली का मले?"

मला असा संताप आला! मुलाचा आला, त्या दुखण्याचा आला, आणि हा माणूस आता जाणार याचाही. मी घोडे घातले. तोफा पडल्या. ते शिव्या देत होते, प्रत्येक मोजमापावर हुज्जत घालत होते, मागे राखून ठेवलेले स्वार वळवत होते. ते स्वार पोचेपर्यंत उशीर झाला. टेकडीही गेली. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या तोंडावर रंग आला होता. "मागचं घोडदळ मी उशिरा काढलं," ते म्हणाले. "उद्या पुन्हा मांडू."

बाहेर मुलाने मला लाज नाही का म्हणून विचारलं. त्यानंतर त्या घराचं दार मला उघडलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

तेरवीला सगळी सोसायटी जमली होती. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांनी टेबलावरची शेवटची लढाई जिंकली." माना डोलल्या. मी उठले.

"हरले," मी म्हणाले. "माझ्याकडून हरले. खरे लढून हरले, अन् तू ते त्यांच्यापासून हिसकून घेऊन राहिला."

कोणीतरी माझा पदर ओढला. मी बसले नाही. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून मी सगळी लढाई सांगितली, त्यांचं मागचं घोडदळ कुठे उशिरा निघालं तिथपर्यंत.