मेथीशी बोलणाऱ्या काकू

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक काकू राहत. त्यांचे यजमान गार्ड होते, घरी क्वचितच असत. मोरीच्या पाण्यावर काकूंनी मेथीचा वाफा केला होता आणि व्हरांड्यात, पत्र्याच्या डब्यात, रंगीत पानांचा एक क्रोटन ठेवला होता. त्या दिवसभर मेथीशी बोलत. "सकाळीच पाजलं न्हवं? लगेच मान टाकलीस व्हय गं?" मग कुंपणाशी उभ्या असलेल्या मला सांगत, "हिला रोज पानी पायजे, ऊन पायजे, आन् येळेवर खुडली न्हाई तर जून व्हती. ह्यो क्रोटन बघ, सावलीत गप उभा. चार दिसांनी घोटभर पानी दिलं तरी तक्रार न्हाई."

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला घरी आलेली मी नुसती हसायचे.

यजमानांची बदली झाली. टांग्यात सामान चढल्यावर काकूंनी तो डबा माझ्या हातात दिला. "धर पोरी. मेथी तुला झेपायची न्हाई, लई बोलावं लागतं तिच्यासंगं. ह्यो तुझ्यासारखाच हाय."

टांगा गेला. दुपारी कुंपणाच्या तारेतून हात घालून मी त्यांच्या वाफ्यात तांब्याभर पाणी ओतलं. आसपास कुणी नव्हतं. तरी मेथीशी काय बोलावं, ते मला सुचेना.