नकाशावरचं बहार भोजनालय

कापसाच्या दिवसांत पांढुर्ण्यात कुठूनही फिरून घरी आलं की बाहीवर एखादा पांढरा तंतू सापडतोच. कधी चिकटला, ते कळत नाही. बहार भोजनालयातल्या गोष्टी मला अशाच चिकटल्यात. कपडे झटकायला जावं तर आणखी एक निघते!

भोजनालय जुन्या रस्त्यावर. सहा टेबलं, वर कौलं, मागे कडुनिंब. भास्करभाऊ वाढतात, शकूवहिनी रांधतात. समोर माझं ऑनलाइनचं दुकान: झेरॉक्स, फॉर्म, पासपोर्ट फोटो. बायपास झाला आणि गाड्या तिकडूनच जायला लागल्या. मग दुपारी त्या सहा टेबलांवर ऊन येऊन बसायचं, आणि उठायचं.

एकदा वहिनी सरळच म्हणाल्या, "संत्रा निघेपर्यंत पाहू. नाई तं शटर लावू आन सौसरले जाऊ, माह्या भावाच्या बागेत."

भाऊ रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांचा जन्म याच रस्त्यावरचा. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, तुमचं हॉटेल मोबाईलच्या नकाशावर आहे का?"

"नकाशावर तं अख्खं पांढुर्णा हाय," भाऊ म्हणाले. "मंग मी का बाहेर राह्यतो?"

*

त्याच दुपारी मी लिस्टिंग बनवायला बसले. नाव टाकलं, फोन नंबर टाकला, नकाशावर पिन ठेवली. पहिली चूक माझीच. ठेवताना बोट सरकलं असणार.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन वाजला. नागपूरकडचं एक जोडपं होतं. बाई म्हणाल्या, "भाऊ, मोबाईल म्हणते पोचलो. पण आम्ही तं नदीत उभे आहोत!"

पिन जाम नदीच्या मधोमध पडली होती, सावरगावच्या पुलाशी!

मी कपाळाला हात लावला. भाऊंनी शांतपणे विचारलं, "पाणी किती हाय?"

"घोट्याएवढं."

"मंग उभेच राहा. येतो."

आणि खरंच डबा बांधून, स्कूटर काढून गेले. झुणका, भाकरी, ठेचा. ती दोघं खडकावर बसून, पाण्यात पाय सोडून तासभर जेवली. भाऊ नंतर सांगत होते: पाणी चाललं होतं, बगळे उभे होते, बाईंनी एक भाकरी आणखी मागून घेतली.

संध्याकाळी रिव्ह्यू आला: "नदीत बसून जेवायची सोय उत्तम."

मी लगेच पिन सरकवली. पण पुढचे पंधरा दिवस लोक फोनवर विचारत होते, "भैया, वो नदीवाला टेबल खाली है क्या?"

*

मग वेळेची भानगड. लिस्टिंगला उघडायची आणि बंद व्हायची वेळ लागते. भाऊंना विचारलं.

"तवा तापला का उघडं."

"आणि बंद?"

"तुही वहिनी कंटाळली का."

मी दहा ते चार लिहून टाकलं. एका सकाळी आठ वाजता तिगावहून कोणाचा तरी फोन: "नकाशावर बंद दाखवून राहिलं. येऊ का नको?"

भाऊ म्हणाले, "तुम्ही निघा तं. तुम्ही आले म्हंजे उघडलंच!"

*

दुसरी चूकही माझीच. आपल्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, म्हणून प्रकार विचारला तिथं मी 'हॉटेल' निवडलं. आठवड्यानं भर दुपारी एक म्हातारं जोडपं दोन बॅगा घेऊन दारात उभं. पुतणीच्या साखरपुड्याला आलेले. आजोबांनी विचारलं, "रूम वरती आहे का खालती?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं.

वहिनी बाहेर आल्या, आजींच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाल्या, "रूम मांगं हाय." मागे कडुनिंबाखाली दोन बाजा टाकल्या, वर धुतलेल्या गोधड्या. जेवून दोघं आडवी झाली. वारा सुटला होता, पानं एकेक करून गोधडीवर पडत होती. आजोबा अर्धवट झोपेत म्हणाले, "चेकआउट किती वाजता?"

वहिनी म्हणाल्या, "उठान तवा!"

पाच वाजता उठले. जाताना आजींनी नातवाला फोन करून त्याच्याकडून लिहून घेतलं: "खाट साधी. झोप फाइव्ह स्टार."

*

फोटो पाहिजेत, असं मी म्हटलं. वहिनींना ते पटेना. "जेवाची गोष्ट डोयानं खातेत का?" तरी पातोडी रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि त्यावर लाल तर्री. मी खिडकीच्या उजेडात ताट ठेवलं आणि फोटो काढला. घरी जाऊन पाहते तर ताट कुठेच नाही, सगळी वाफच वाफ. पांढरी, आणि कडेला कुठेतरी लालसर, दिवस उगवताना असतो तसा रंग.

का कोण जाणे, तोच फोटो मी टाकला.

खाली कोणीतरी विचारलं, "ये बादल का फोटो क्यों डाला?" दुसऱ्यानं लिहिलं, "खाके आओ, फिर पूछो." रविवारी कॉलेजच्या चार पोरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, ते ढग द्या ना!"

वहिनींनी आत पाहिलं. "ढग सकाऊनच संपले. रस्सा हाय."

*

आता हसते मी, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. गाडी जरा रुळावर येत होती तोच एक स्टार पडला. पाचातला एक! कारण काही लिहिलेलं नाही. नाव रामटेके गुरुजींचं. निवृत्त माणूस, रोजचं जेवण बहारमध्येच, तीन वर्षांपासून.

वहिनींनी ते पाहिलं आणि तवा उतरवून ठेवला. "तीन वर्स माह्या हातचं खाल्लं, आन तोंडावर बोलता नाई आलं?" डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "जाऊ आपण सौसरले."

दुसऱ्या दिवशी भोजनालय बंद. साडेबाराला गुरुजी नेहमीसारखे आले आणि शटर पाहून तिथूनच मला हाका मारू लागले. "काय झालं? वहिनी बिमार आहेत का?"

मी रस्ता ओलांडून गेले, शटरपाशीच त्यांना मोबाईल दाखवला. "गुरुजी, हे काऊन केलं तुम्ही?"

"काऊन म्हंजे? एक नंबर जेवण असते, म्हणून एक नंबर दिला!"

त्यांना समजावलं की इथं पाच म्हणजे सगळ्यात चांगलं. गुरुजींना पटेना. "आयुष्यभर पोरांचे नंबर काढले मी. पयला तो पयला. वहिनीले पाचव्या नंबरावर कसं टाकू?"

वहिनींनी शटरच्या मागून सगळं ऐकलं होतं. शटर वर गेलं. "गुरुजी, हात धुवा."

स्टार त्यांनी बदलला नाही. वहिनींनी बदलूही दिला नाही.

*

संत्रा निघाला, गेला. बागांना फुलं आली आणि सगळ्या गावावर तो वास येऊन थांबला. तोवर दुपारच्या टेबलांसाठी माणसं बाहेर बाकावर बसायला लागली होती. सौसरचा विषय मग कोणी काढला नाही.

*

चैत्रातली गोष्ट. एका दुपारी नवा रिव्ह्यू आला. शब्द एकही नाही, नुसता फोटो. नावाच्या जागी एकच अक्षर.

फोटो जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. हाच रस्ता, पण बाजूला मोकळं शेत. बांबूच्या टाट्याचं छप्पर, चूल, आणि पदर खोचून भाकरी थापणारी एक बाई. कोणीतरी हाक मारल्यासारखी तिनं मान वर केली आहे, आणि हसते आहे.

मी भाऊंना दाखवला. भाऊ खुर्चीवर बसले. म्हणाले, "माय हाय माही."

घरात तिचा एकही फोटो नव्हता. याच रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती भाकरी करून वाढायची; भाऊ लहान असतानाच गेली. वहिनींनी सासूला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी हात पुसले, मोबाईल जवळ धरला. "अशा होत्या का?"

"हसे ती," भाऊ म्हणाले. "हे मी भुललोच होतो वं."

मी म्हटलं, "भाऊ, विचारा ना त्याला. कोण आहे, कुठला आहे, फोटो कधीचा आहे."

भाऊंनी मोबाईल वहिनींच्या हातातून घेतला. चष्मा लावला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहीत राहिले. आत रस्सा उकळत होता, पण वहिनी उठल्या नाहीत. मला वाटलं, बराच मोठा मजकूर असेल.

पाहिलं तर दोनच शब्द: "जेवाले या."

पाच दिवसांनी, दुपारी, त्या कोऱ्या रिव्ह्यूत त्यानंही दोन शब्द घातले.

"जेवलो होतो."