बाबांची दाढ आणि गोपालचं जहाज

रविवारी सकाळी बाबांचा गाल बघितला आणि माझं डोकंच फिरलं. मी अमरावतीहून त्यांना भेटायला गावी गेले होते, अकोल्यापासून अर्ध्या तासावर... आणि हा माणूस डावा गाल टम्म फुगवून ओसरीत तूर निवडत बसलेला!

दुखणं काही नवीन नव्हतं. दोन महिन्यांपासून दाढ ठणकत होती. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारच्या काकूंनी दिलेलं कसलंसं तेल झालं... पण डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, मी नेव्हीतच दाखवीन.

माझा धाकटा भाऊ गोपाल नेव्हीत आहे, सेलर. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना नेव्हीच्या दवाखान्यात इलाज मिळतो, तसा नियमच आहे. आई गेली, आता बाबांचं एकट्याचं कार्ड. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गादीखाली ठेवलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी याच कार्डावर मुंबईला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नशीब असं, की गोपालचं जहाज तेव्हा बंदरातच होतं. पठ्ठ्या रोज ड्युटी संपली की यायचा, डोळ्यांत ड्रॉप टाकायचा, हात धरून व्हरांड्यात फिरवायचा. ते आठ दिवस बाबा अजून सांगतात, दर वेळी नवा मीठमसाला लावून.

या वेळी मात्र जहाज बाहेर आहे. कुठे, किती दिवस, ते तो सांगत नाही आणि आपण विचारायचं नाही. पंधरा-वीस दिवसांनी कधीतरी फोन येतो, दोन मिनिटं, तोही तुटत तुटत.

तर दोन महिने मी फोनवर बाबांशी भांडत होते. अकोल्यात दाखवा म्हटलं, तर म्हणे सरकारनं सोय केली असताना दुसरीकडे काहून जायचं... शेवटी मीच नियम शोधायला बसले. मास्तरीण आहे मी, कागद दिसला की पूर्ण वाचते.

आणि काय निघावं त्यात? मुंबईच पाहिजे असं काही नाहीच! हे कार्ड आर्मीच्या दवाखान्यातही चालतं. म्हणजे आपल्याला जवळचं, नागपूरकडचं कामठी... सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारपर्यंत पोचतो.

रविवारी मी मोठ्या ऐटीत हे बाबांना ऐकवलं. ते तूर निवडतच राहिले. मग म्हणाले, "माहीत हाय मले. गोपालनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, कामठीले जा म्हणून."

मी उडालेच. मग गेला का नाही, म्हणून मी ओरडले. बाबांनी मान वर केली नाही. सुजलेल्या तोंडानं अर्धे शब्द गिळत म्हणाले, "कामठीले दवाखाना हाय, माय... गोपाल थोडीच हाय."

दोन महिने मी त्यांना हट्टी म्हटलं, भित्रे म्हटलं, चिक्कू म्हटलं. आणि हा माणूस जहाज परत येईपर्यंत ती दाढ सांभाळून ठेवत होता.

नुसती आठवण येते म्हणून उठून मुंबईला जाणं आमच्या घरात कोणी केलेलं नाही हो. आमच्याकडे माणूस माणसाकडे कामानंच जातो. बाबांकडे तेवढं एकच काम होतं... ठणकणारं.

पण आता अंगात तापही होता. कामठी नाही आणि मुंबईही नाही, मी सरळ गाडीत घालून त्यांना अकोल्याला आणलं. रविवारी उघडा असलेला एक दवाखाना सापडला. डॉक्टर पोरगी शांत होती. बघून म्हणाली की पू झालाय, ही दाढ आजच काढावी लागेल.

बाबांनी तिला विचारलं, पंधरा-वीस दिवस ठेवता येते का? ती नाही म्हणाली. मग त्यांनी निमूट तोंड उघडलं आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं तेव्हा ती बिचारी घाबरली, इंजेक्शन लागलं नाही की काय म्हणून. मी नुसता बाबांचा हात धरला.

दाढ निघाली. एक तास कापूस दाबून ठेवायचा आणि अजिबात बोलायचं नाही, असं तिनं बजावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो आणि माझ्या पर्समध्ये बाबांचा मोबाइल वाजला... गोपाल!

मीच उचलला, स्पीकरवर टाकला. दाढ काढलीय, त्यांना बोलता येत नाहीये, हे एका दमात सांगून टाकलं. गोपाल तिकडून म्हणाला, बरं झालं, सुटले एकदाचे, आता मुंबईची चक्कर वाचली बाबांची. त्याला बिचाऱ्याला काय माहीत...

बाबांनी हात पुढे केला. मी मानेनं नाही म्हटलं. त्यांनी तोंडातला कापूस काढून रुमालात धरला आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"गोपाल्या, एकच काढली रे... बाकीचे दात हायेत अजून. ते तुयाकडेच दाखवाचे हायेत मले. तू ये फक्त."

मला वाटलं फोन कट झाला. मी स्क्रीन बघितली, तर सेकंद पुढे सरकत होते.

मग गोपाल म्हणाला, "दात नाई दुखला तरी या, बाबा."

आणि फोन खरंच तुटला. डॉक्टर रागावली, नवा कापूस दिला. बाबांनी तो घट्ट दाबून धरला आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हसत मात्र होते, त्या सुजलेल्या गालानं.

मी गाडी चालवता चालवता रडून घेतलं. देवा, दुसरं काही नको... तेवढं ते जहाज लवकर बंदराला लाव.